बाहेरची टेबलं

४ मे ७८, निपाणी
बेळगावला जाऊन टेबलांवर चिकटवायची मायकाची शीटं आणली. गुंडाळी करून बसच्या टपावर बांधली. वाटभर जीव त्या टपावर. दुकानदारानं शीटवर कढत चहा ओतून दाखवला, वर बिडी विझवली, फडक्यानं पुसली. डाग न्हाई. "ऊन पडू दे, पाऊस पडू दे. आत ठेवा, भाईर ठेवा. काय व्हत न्हाई."

स्टँडजवळच्या हॉटेलचं काम आहे. मालक अण्णा नवा हॉल काढतायत. सहा टेबलं आत, चार बाहेर झाडाखाली. आतली हिरवी, बाहेरची तपकिरी. दोन रंग कशाला म्हणून विचारलं तर भागीदार महादेव म्हणाला, "गिऱ्हाइकाची आवड." माप घ्यायलाही एकटाच गेलता. "अण्णांकडचं मी बघतो, तू दुकानात थांब."

दुकान दोघांचं. आयटीआयत एकाच बाकड्यावर रंधा मारायला शिकलो. तरी गिऱ्हाइकाकडं जायची वेळ आली की हाच जाणार. राग आला.

११ मे
दिवसभर चिकटवणं. अंगाची लाही. बाहेरच्या चार टेबलांवर जास्त राबलो. पाणी वरून शिरत नाही, कडेनं शिरतं, मग प्लाय फुगते. म्हणून कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, आणि खालच्या अंगालाही मायका.

महादेव : "एवढं कशाला? भाईरचीच हायत."
म्हटलं, बाहेरचीच म्हणून तर.
कायतरी बोलणार होता. मग पट्टी कापायला लागला.

१६ मे
टेबलं बसवली. एकट्याला उचलणार नाहीत म्हणून महादेवाला मला न्यावंच लागलं.

काम छान दिसत होतं. अण्णा हिरव्या टेबलावर हात फिरवत होते. मग बाहेर आले, तपकिरीवर टिचकी मारली आणि मला म्हणाले, "आता तुमच्या लोकास्नी मातीत बसायला नको. हितं आरामात टेबलावर चहा. जमाना बदलला."

मला आधी कळलंच नाही. खरंच कळलं नाही.

मग त्यांनी पोऱ्यांना समजावलं. हिरव्याचं फडकं निराळं, तपकिरीचं निराळं. पावसात टेबलं पडवीत आणली तरी रंगावरून ओळखायची. घोटाळा नको. माझ्यासमोर. आवाज न चढवता, कप कुठे ठेवायचे ते सांगावं तसं.

महादेव वाकून स्क्रू पिळत होता. पिळलेलाच स्क्रू.

आमचा चहा आला. त्याचा आत ठेवला, माझा बाहेर. त्यानं तो प्याला की नाही, बघितलं नाही. मी हत्यारं गोळा केली आणि निघालो. तोंडातून एक शब्द फुटला नाही. ह्याचाच राग जास्त.

१६ मे, परत
बायको सुलोचना वखारीतून आली. हाताला तंबाखूचा वास. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पदर खोचला.
"आणि तुमी गप आलासा?"
जेवण गेलं नाही.

१७ मे
महादेवाला धरलं. तुला ठाऊक होतं का?
"व्हय."
कधीपास्नं?
"पैल्या दिवसापास्नं. अण्णांनी सांगूनच ऑर्डर दिली. तुला सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस."
सोडलंच असतं.
"मग दुकान कसं चालणार, गौतम? गावात अशी सगळीच हायत. कुणाकुणाचं सोडणार?"
वर म्हणतो, "तुझ्यासाठीच न्हाई बोललो रं. तुला वाईट वाटलं असतं."

माझ्यासाठी! रंधा आपटला. पात्याला खाच पडली. पात्याचा काय दोष.

याच्या आईच्या हातची भाकरी खाल्लीय मी. कुठं बसून खाल्ली ते आज पहिल्यांदा आठवायला लागलोय. पडवीत. कायम पडवीत. मला वाटायचं, वाऱ्याला बसलोय.

२५ मे
बाजाराचा दिवस. आप्पा गावाकडून आले. घरी येण्याआधी हॉटेलवर थांबून आलेले, फार खुशीत. "तुझं टेबल बघून आलो. आरशावानी. सगळ्यांस्नी सांगितलं, माझ्या लेकानं केलंय."
कुठल्या टेबलाला बसला?
"भाईरच्या."
आत का न्हाई?
"भाईर वारं लागतं."

ओरडलो. बापावर ओरडलो. तुम्हाला वारं लागतं म्हणून बसवलं नाही तिथं, म्हटलं. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मला काय शिकवतूस? मी उकिडवं बसून, वरनं ओतलेला चहा करवंटीत प्यालोय. मला कळत न्हाई व्हय? एक दिस टेबलावर कोपर टेकून बसलो. तेवढं तरी गोड लागू दे की."

सुलोचना चुलीपाशी रडली. मला रडूही येईना. आप्पांचा राग, अण्णांचा राग, महादेवाचा. कुणाचा किती, कळत नाही.

७ जून
पाऊस. काम सोडून हॉटेलसमोर जाऊन उभा राहिलो. आमची माणसं उठून दुसऱ्याच्या वळचणीला पळाली, हॉटेलच्या पडवीत कुणी घेतलं नाही. टेबलं तेवढी उभी. पाणी पडतंय, मण्यासारखं जमतंय, घरंगळून जातंय. कडेनं थेंब शिरत नाही. बेळगावचा दुकानदार खोटं बोलला नव्हता. मीही हात राखून काम केलं नव्हतं. आणखी दहा-पंधरा वर्षं ह्या टेबलांना काही होणार नाही. उद्या मला पोर झालं तर तेही ह्याच तपकिरी टेबलाला बसणार.

कसल्या हातानं एवढं पक्कं केलं मी.

९ जून
गेलो. आत. हिरव्या टेबलाला बसलो. पोऱ्या अण्णांकडं बघतो, अण्णा माझ्याकडं.
"दुरुस्तीला आलास काय?"
चहा प्यायला.
"भाईर बस, पाठवून देतो."
इथंच द्या.
"उगं गोंधळ करू नको गौतम. तू कारागीर माणूस. तुझा मान हाय आमच्यात."
शेजारचे दोघं कप तसेच ठेवून उठले. चहा आला नाही. हॉटेल बंद व्हायच्या आधी उठलो नाही. घाबरलो नव्हतो. असेन, थोडा.

१५ जून
पुन्हा बाजार. आज सुलोचना बरोबर. ती आत बसायला तयार नाही. म्हणाली, "आपण दोघं आत बसलो तर भाईरच्यांचं काय?" मला सुचलं नव्हतं.

बाहेरच्या एका टेबलाला ती एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. उचललं. भर बाजार, सगळे बघतायत. दारात टेबल अडकलं, आडवं करून घातलं. दोन हिरव्यांच्या मधे ठेवलं. एक कप फुटला. सुलोचनानं खुर्ची ओढली, बसली, आणि दोन चहा सांगितले. आवाज खणखणीत.

अण्णांनी आधी सगळी गिऱ्हाइकं बाहेर काढली, मग आम्हाला. फळ्या लावल्या. मला वाटलं मारतील. मारलं नाही. म्हणाले, "तुला कामाला लावलं हीच माझी चूक."

बाहेर रस्त्यापलीकडं महादेव उभा होता. आमच्याकडं आला नाही.

१६ जून
अण्णांनी ठाण्यात अर्ज दिला. हॉटेलात घुसून नासधूस केली म्हणे. एका कपाची नासधूस! मीही गेलो, माझी तक्रार लिहा म्हटलं. ह्याला कायदा आहे. फौजदारानं वर न बघता कानडीत विचारलं, "साक्षी यार अदार?" साक्षीदार कोण? अण्णा म्हणतात, तपकिरी टेबलं पावसासाठी, बाकी काही नाही. बसायचं तो कुठंही बसू शकतो.

आमच्या माणसांचं कोण ऐकणार, आणि हॉटेलातली पोरं अण्णांच्या पगारावर. फडक्याचं, रंगाचं, "तुमच्या लोकास्नी" सगळं ऐकलेला दुसरा माणूस एकच.

१७ जून
दुकानात गेलो. महादेवाला सरळ विचारलं.
"घरात बोलून बघतो."
तुझ्या घरच्यांनी ऐकलं नव्हतं. तू ऐकलंस.
"अण्णांनी लग्नाच्या हॉलचं काम देऊ केलंय, गौतम."
म्हणजे?
"म्हणजे काय न्हाई. सांगितलं तुला. आधीच सांगितलं नसतं तर परत म्हणला असतास, लपवलं."
मग लाकडाचा भुसा पायानं सारत बसला. डोळे लाल. मला त्याची कीव आली आणि त्या किवेचाच संताप आला. माझं नुकसान, आणि कीव मी करायची?
म्हटलं, सोमवारी सकाळी ठाण्यावर ये. जे ऐकलंस तेवढं सांग. एक अक्षर जास्त नको.
त्यानं रंधा उचलला, कामाला लागला.

१९ जून
ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितोय. शेजारी सुलोचना, वखारीत खाडा करून आलीय. आप्पाही आलेत, न बोलावता, धुतलेलं धोतर नेसून.

अण्णा आले. फौजदारानं आत बोलवून खुर्ची दिली.

मग महादेव. धरून होतो येणार नाही. आला. आमच्यासमोर थांबला. आप्पांना म्हणाला, "आप्पा, बरं हाय न्हवं?" आप्पा म्हणाले, "बरं हाय. जा आत." माझ्याकडं बघितलं नाही. आत गेला. शिपायानं दार ओढून घेतलं.

अण्णांचा आवाज येतोय. मधेच फौजदार हसला. महादेवाचा आवाज अजून नाही.

आता येतोय. हळू बोलतोय. सुलोचना दाराकडं सरकली, शिपायानं हटकलं.

काय सांगतोय ते ऐकू येत नाही.