गाडीवर घेतलेला आळ

अहो,

तुम्ही जहाजावर होतात तेव्हाही माझी पत्रं अशीच सुरू व्हायची. पत्र पोचेपर्यंत तुमचं बंदर बदललेलं असायचं, मग ते तुमच्या मागे मागे फिरत राहायचं. आता तर पत्ताच नाही. तरी आज लिहायला बसले, कारण उद्या सकाळी चिपळूणहून एक माणूस आपली गाडी बघायला येणार आहे. निखिलने त्याला पाठवलंय. पटली तर लगेच घेऊन जाईल म्हणे. तो यायच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय. दुसऱ्या कुणाशी बोलू?

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, त्याचं पुण्यानुमोदन झालं. गावच्या वाडीतली सगळी आली होती. जेवणं झाल्यावर निखिल गॅलरीत उभा राहून खाली गाडीकडे बघत होता. मला म्हणाला, “आई, ही गाडी मला दारात बघवत नाही. शेवटचे सहा महिने पप्पांनी फक्त हिच्या ॲव्हरेजवर डोकं फोडलं. काय सुख दिलं हिने त्यांना?” तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

आठवतंय ना, गाडी घ्यायची ठरली तेव्हा केवढा वाद झाला होता! निखिल फोनवर हसत होता. “पप्पा, चारही चाकं ओढणारी गाडी? रत्नागिरीत? बर्फ पडतो का तिथे?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “बर्फ नाही, शेवाळ पडतं.” त्याचं हसणं थांबलं. त्यालाही आठवलं असणार.

तुमची आये गेली तेव्हा तुम्ही समुद्रावर होतात. वाडीला रस्ता सगळ्यांच्या शेवटी आला, आणि आला तोही असा उभा, की पावसाळ्यात शेवाळ धरलं की माणूससुद्धा चार पायांवर चढेल. आयेला न्यायला आलेली जीप खालच्या वळणावर अडकली. चाकं जागच्या जागी गरगरत होती. मग आयेला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. वर प्लॅस्टिकचा कागद धरून मी चालत होते. आये मलाच धीर देत होती, “वायच दमानं गो पोरी, पडशील.” दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही महिन्याने आलात, ते वळण बघून आलात आणि त्यावर एक शब्द बोलला नाहीत. इतक्या वर्षांनी, जहाजावरची नोकरी सुटल्यावर, बोललात ते ही गाडी घेऊन.

दसऱ्याला गाडी दारात आली. मी गाडीला ओवाळलं नाही म्हणून शेजारणीला नवल वाटलं. आपल्या बौद्ध घरात तसलं काही करत नाहीत, पण मी बॉनेटवरून हात मात्र फिरवला. गार आणि गुळगुळीत! पण खरं सांगू? मला जरा रागही आला होता. तुम्ही समुद्रावर असताना इतकी वर्षं गाडी मीच चालवली. निखिलची शाळा, आयेचं औषधपाणी, गावचे मुक्काम, सगळं जुन्या लहान गाडीतून. तुम्ही कायमचे घरी आलात, आणि मी शेजारच्या सीटवर गेले. मी मागितलं असतं तर किल्ली दिली असतीत, हे माहीत आहे. पण मी मागितलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाहीत.

मग तो ॲव्हरेजचा आकडा आपल्या घरात आला. जेवायला बसलं की पहिला घास घ्यायच्या आधी तुम्ही म्हणायचात, “आज सात.” कधी “साडेसहा.” शोरूमवाल्याने सांगितलं होतं, शहरात लिटरला दहाच्या पुढे मिळेल. तुम्ही त्याला फोन करायचात. तो बिचारा म्हणायचा, “काका, फोर व्हील आहे, वजन जास्त, गावातल्या गावात जरा कमीच बसणार.” तुम्ही तावाने म्हणायचात, “मला शिकवू नका, आयुष्य इंजिनात गेलंय माझं!” टायरची हवा तपासून झाली. पेट्रोल पंप बदलून झाला. डिकीतली छत्री नि सतरंजीसुद्धा काढून ठेवलीत, वजन होतं म्हणून! मी म्हटलं, “आता मलाही उतरवा म्हणजे आठ मिळेल.” तुम्ही हसलात. किती दिवसांनी हसला होतात.

शेवटच्या आठवड्यात निखिलचा फोन आला तेव्हाही तुम्ही हेच रडगाणं गायलंत. तो वैतागून म्हणाला, “पांढरा हत्ती पाळलाय तुम्ही, विकून टाका.” तुम्ही म्हणालात, “बघू.” तुमचं त्याच्याशी ते शेवटचं बोलणं. ते त्याच्या मनातून जात नाही हो.

पाऊस यायच्या आतच तुम्ही गेलात. ते वळण त्या गाडीने शेवाळात एकदाही चढून पाहिलं नाही. डोंगरासाठी घेतलेली गाडी मारुती मंदिर ते बाजार, बाजार ते वाचनालय, एवढ्यातच फिरत राहिली.

तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं होतं, “यांचं हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं दिसतंय. जिना चढताना दम लागत नव्हता का?” मी म्हटलं, “नाही.” किती ठामपणे म्हटलं! त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, यांना काय माहीत, माझ्याच घरातला माणूस, मला नाही कळणार?

वर्षभर गाडी झाकूनच होती. बॅटरी उतरेल म्हणून निखिल मधे मधे येऊन सुरू करून जायचा. विकायची ठरल्यावर म्हणाला, “आई, गिऱ्हाईक येईपर्यंत तू जरा फिरवत राहा.” मी किल्ली घेतली. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. आरशात तुमची उंची होती, ती मी बदलली. तेवढ्यानेच मला बराच वेळ काही दिसेना.

टाकी भरली, आकडा नव्याने सुरू झाला. तुमचेच रस्ते, तेच खड्डे, रामआळीतली तीच गर्दी, मारुती मंदिराच्या चौकात तेच थांबणं. मला काय, वाचनालयातलं पुस्तक बदलायचं, भाजी आणायची, घरी यायचं. चार-पाच दिवसांनी सहज गाडीच्या पडद्यावर बघितलं तर साडेदहा! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. जिना चढता चढता मी मोठ्याने म्हटलं, “अहो, साडेदहा!” दाराला कुलूप होतं.

मग वाटलं, मशीन बिघडलं असेल. पुन्हा टाकी भरली. पुन्हा दहाच्या वर. मी काही तुमच्यासारखी हलक्या पायाने चालवत नाही. तुम्हीच म्हणायचात, “सुनंदा गाडी नाही चालवत, हाकते.” मग माझ्या हातात दहा आणि तुमच्या हातात सात, असं कसं? गाडीचं पुस्तक काढून वाचलं. कादंबरीपेक्षा कठीण, पण वाचलं. त्यात लिहिलंय, गाडी उभी ठेवून इंजिन नि एसी चालू ठेवलं तर पेट्रोल जातं, अंतर मात्र वाढत नाही, म्हणून सरासरी उतरते. इंजिनात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं? मग गाडी उभी कुठे होती?

ते दुसऱ्या मजल्यावरच्या शिरीनभाभीने सांगितलं, तेही बोलता बोलता. मी गाडी लावून उतरले, ती मासळी घेऊन येत होती. म्हणाली, “वहिनी, तुम्ही तर लगेच उतरता. भाईसाहेब किती वेळ बसायचे गाडीत! काचा वर, गाडी चालू, सीट मागे टाकून डोळे मिटून. मला वाटायचं गाणी ऐकतायत. एकदा मी काचेवर टकटक केलं, म्हटलं बांगडे ताजे आहेत, नेता का? तर हातानेच नको म्हणाले. घामाने निथळत होते हो, एवढ्या एसीत!”

मी तिथेच गाडीला टेकले.

आता सगळं आठवतंय. बाजारातून आलं की तुम्ही म्हणायचात, “तू हो पुढे, मी गाडी नीट लावून येतो.” आपली बिल्डिंग लिफ्ट नसलेली, आपण तिसऱ्या मजल्यावर. मी वर येऊन कुकर लावायची, तरी तुमचा पत्ता नाही. मी गॅलरीतून ओरडायची, “गाडीला अंगाई म्हणताय का?” तुम्ही काच खाली करून हात हलवायचात. तो हात हलवायला तुम्हाला किती जोर लागत असेल? जिना चढण्याइतका श्वास गोळा करत बसला होतात तुम्ही. आणि वर येऊन काय सांगायचात? “आज सात.”

तुम्हाला सगळं माहीत होतं. आकडा का उतरतोय हे त्या शोरूमवाल्यापेक्षा, माझ्यापेक्षा, सगळ्यांपेक्षा तुम्हाला ठाऊक होतं. तरी रोज जेवायला बसून तुम्ही त्या मुक्या गाडीवर आळ घेत राहिलात. का हो? मी घाबरले असते म्हणून? की पावसाळा येईपर्यंत, एकदा ते वळण चढेपर्यंत, कुणी तुम्हाला बिछान्यात झोपवू नये म्हणून? हे दुसरं कारणच खरं असावं. मग एवढंच सांगा, पावसाळ्यात गाडी मी चालवली असती, तुम्ही शेजारी बसून गेला असतात, तर काय बिघडलं असतं? ते वळण तुम्हाला बघायचं होतं की एकट्याने जिंकायचं होतं?

रागावलेय मी. वर्षभर नुसती रडत होते, आता रागावलेय. राग आला की तुम्ही जवळ वाटता, म्हणून तो लवकर जाऊ नये असंही वाटतं.

दोन दिवस मी विचार करतेय, निखिलला हे सांगायचं की नाही. आत्ता तो गाडीवर रागावलाय, ते सोपं आहे. गाडी नेली की राग गेला. खरं सांगितलं तर तो स्वतःला विचारत बसेल की मला कसं कळलं नाही, मी हत्ती म्हणून हसलो कसा. त्याचं काळीज मला ठाऊक आहे, तुमच्यासारखंच आहे, आतल्या आत सोसणारं. मनात आलं, कशाला सांगायचं? गाडी जाऊ दे, गोष्ट माझ्यापाशी राहू दे.

हे असं जवळजवळ ठरवूनच मी काल भाजी घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. गेल्या महिन्यापासून येते मधून मधून. भिंतीला धरून उभी राहिले. शिरीनभाभीने दार उघडलं, “काय झालं वहिनी?” मी हसून म्हटलं, “काही नाही गं, पिशवी जड आहे.”

पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी होती.

घरात येऊन मी ती जुडी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. तुमच्यावर रागवायचा मला काय अधिकार?

म्हणून आत्ता हे पत्र अर्ध्यावर ठेवून मी चिपळूणच्या माणसाला फोन केला, उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. मग निखिलला लावला. म्हटलं, “शनिवारी ये. गाडीचं पुढे काय करायचं ते दोघं मिळून ठरवू, पण त्याआधी पप्पांचं एक खरं सांगायचंय.” तो घाबरून म्हणाला, “आई, तू बरी आहेस ना?” माझ्या तोंडात “हो” आलंच होतं. मी ते गिळलं. म्हटलं, “नाही रे. चक्कर येते मला. डॉक्टरकडे जायचंय.” मग म्हणाला, “शनिवारी कशाला, उद्याच निघतो.” पण आई, बरं झालं सांगितलंस, असंही म्हणाला.

तुम्हीही एकदा सांगून बघायचं होतं. एवढंच तर होतं.

आता माझा शब्द देते. तुमच्याबद्दल त्याला सगळं सांगेन, त्याला रडू येईल ते येऊ देईन, मधे उठून चहा टाकायला जाणार नाही. आणि माझ्या अंगात जे काही निघेल ते त्याच्यापासून लपवणार नाही, मग डॉक्टर काहीही म्हणोत.

तुमची, अजून थोडी रागावलेली,
सुनंदा