वच्छीला हत्तीची गोष्ट

८ जानेवारी १९३४, सोमवार
माळशिरसहून मेव्हण्याचा, कुंडलिकचा, निरोप. ही आणि वच्छी दिवाळीपासून त्याच्याकडे ठाण मांडून आहेत. आता म्हणे वच्छीला इथली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा दाखवायला आणतो. पोरगी स्वतःहून ‘बापाकडं राहते’ म्हणाली, तरच तिची आईही परत येईल. सात वर्षांच्या पोरीला विचारून संसार! कलियुग, दुसरं काय. राहणारच म्हणा. बाप आहे मी.

११ जानेवारी
नामी युक्ती. सात रस्ता चौकात चन्नवीरअण्णाच्या पुस्तकांच्या दुकानात हत्तीचं रंगीत चित्रांचं पुस्तक आलंय. एखाद्या रविवारी पोरं जमवून कुणीतरी गोष्ट सांगावी, म्हणजे पुस्तकं खपतील, असं त्याच्या मनात. म्हटलं, मी असताना कुणीतरी कशाला? वच्छी पुढे बसेल. पोरं बापाला कशी डोक्यावर घेतात ते बघेल. झालं काम!
अण्णा घुटमळला. मास्तर, छडी तेवढी घरी ठिवा की, म्हणाला.
लोकांना काय कळतंय! मी छडी डाव्या हातावर देतो. उजवा लिहायला लागतो. घरी वच्छीलासुद्धा हाच नियम. एवढा विचार गावात दुसरा कोण मास्तर करतो?

१४ जानेवारी, संक्रांत
संकल्प: गोड बोलणे. छडी कायमची बंद.

१५ जानेवारी
वर्गात बिरप्पाला दोन छड्या दिल्या. साधी बेरीज चुकला. संकल्प मी एकट्यानेच पाळायचा का?

२० जानेवारी
आरशासमोर तालीम. हत्तीचा आवाज काढला. शेजारची सोजरबाई धावत आली, मास्तर पोटात कळ आली का, विचारायला. मेली जळते.
वच्छीसाठी तिळगूळ आणला. रथसप्तमीपर्यंत चालतो.

२१ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
दुकान भरलेलं. वच्छी पुढे, तिला घेऊन आलेला कुंडलिक मागे. निम्मी पोरं माझ्याच वर्गातली. मला बघताच ताडकन उभी राहून एका सुरात नमस्ते. धाक वाईट म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं.
छडी नेली नाही. फूटपट्टी नेली, ती चित्रं दाखवायला. बोटाने पानं मळतात.
हत्तीच्या सोंडेवर बेडूक बसला, तेव्हा एक पोरगं फिदीफिदी हसलं. पट्टी आपटावी लागली. मग शेवटपर्यंत कुणी हसलं नाही. कार्यक्रम रंगला.
शेवटी वच्छीला प्रेमानेच विचारलं, सांग बाळ, हत्तीचं काय चुकलं?
वच्छी उठली.  डोळे घट्ट मिटले आणि डावा हात पुढे केला.
 अण्णाने मान खाली घातली.
मी हसून म्हटलं, तिळगूळ हवाय होय! हातावर ठेवला.   तिने डोळे उघडले नाहीत, मूठही मिटली नाही. कुंडलिक पुढे आला आणि तिला कडेवर घेऊन बाहेर गेला.

२२ जानेवारी
सकाळच्या मोटारीने गेली दोघं. कुंडलिक दारातूनच बोलला, दाजी, आता पोरीला काय इचारायची गरज न्हाय. बस्स, एवढंच. गड्डासुद्धा नीट बघितला नाही म्हणे पोरीने.
घर खायला उठलंय.
तिळगूळ उजव्या हाताने घ्यावा, एवढंही मामाने शिकवलं नाही. डावा हात पुढे करायला तिला कुणी शिकवलं, कोण जाणे.