गोलकीपरचं बोट आणि आमचं निवेदन

आरेकिपा, बुधवार

ती. स्व. ओतिलियामावशीस,

तेओफिलोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? पाद्रीबुवांशी घंटेवरून चाललेलं तुझं भांडण मिटलं की अजून रंगात आहे? (मिटलं असेल तर कोण हरलं हे विचारत नाही, पाद्रीबुवांची मला काळजी वाटते.) इकडे आम्ही सगळे खुशाल. मी तेवढा थोडा वाळलोय, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

आधी एक गोष्ट अकराव्यांदा सांगतो. विद्यापीठाच्या इस्पितळात मी डॉक्टर नाही, जनसंपर्क अधिकारी आहे. डॉक्टर बोलतात ते लोकांना कळेल असं लिहायचं आणि सहीसाठी पाठवून ते पुन्हा कोणालाही कळणार नाही असं करून घ्यायचं, हे माझं काम. एका निवेदनाला चार सह्या लागतात: उपचार करणारे प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता आणि संचालिका. शिवाय विद्यापीठाचं बोधचिन्ह मोठं की इस्पितळाचं, यावर दरवेळी नव्याने चर्चा होते. परवाचं मधुमेह दिनाचं पत्रक तो दिवस उलटून तीन आठवडे झाल्यावर निघालं. तेव्हा तू गावातल्या लोकांना माझ्याकडे मूतखडे घेऊन पाठवू नकोस.

तर गेल्या शुक्रवारी सकाळी विल्बेर चोके आमच्याकडे दाखल झाला. सान लाझारो संघाचा गोलकीपर, तोच तो, ज्याचा फोटो तुमच्या पिठाच्या गिरणीत लावलाय. रविवारी उपांत्य सामना, आणि गडी उजवा हात टॉवेलात गुंडाळून दारात उभा! झालं होतं असं, की सासूबाईंचा, म्हणजे दोन्या एउफेमियांचा, वाढदिवस होता आणि तळायला एक जनावर पकडायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "पकडण्याचेच पैसे घेतोस ना? मग पकड!" विल्बेर बिचारा अंगणात झेपावला आणि त्या जनावराने त्याच्या तर्जनीचा कडकडून चावा घेतला. प्राध्यापक उगार्ते अकरा विद्यार्थी घेऊन बोट बघायला आले आणि फळ्यावर त्यांनी झोकात लिहिलं, 'गिनीपिगदंश'. (आपण साधी माणसं त्याला कुई म्हणतो.) तीन टाके, धनुर्वाताची सुई आणि तीन आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. बोट सुजलं होतं, म्हणून एक रात्र खाटेवर.

विल्बेरने मला जवळ बोलावलं. एवढा धिप्पाड माणूस, पण डोळ्यांत पाणी. "साहेब, हे बाहेर फुटलं तर मी संपलो. बारा हजार लोक माझ्याकडे बघून चीं चीं करतील. जन्मभर!" मी त्याला शब्द दिला. रोग्याने नको म्हटलं की नको, आमच्या धंद्यात यावर दुसरं बोलणं नाही.

दहा वाजता रेडिओवाले आले. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की प्रकृतीबद्दल काहीही सांगायची मला परवानगी नाही. सव्वा दहाला रेडिओवर बातमी, की चोकेची प्रकृती अशी आहे की इस्पितळाच्या तोंडून शब्द फुटत नाही. अकरा वाजता फाटकाशी दोनशे माणसं, बाराला हजार. भर उन्हात मेणबत्त्या मांडल्या होत्या, आणि त्या पेटवण्याआधीच वितळत होत्या. एका खानावळवाल्याने पुष्पचक्र पाठवलं, वर 'तू आमच्यातच आहेस' असं लिहून. मी निवेदन लिहायला घेतलं: 'रुग्णाच्या जिवाला धोका नाही.' एवढं चालेल म्हणून विल्बेरने मान डोलावली. पण प्राध्यापकांनी 'सध्या' घातलं, विभागप्रमुखांनी 'बहुधा' घातलं आणि अधिष्ठाता जेवायला गेले होते.

आता मात्र गंमत संपली. आपत्कालीन विभागाच्या फाटकासमोर माणसांची भिंत झाली आणि कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन आलेली रुग्णवाहिका कोपऱ्यावर अडकली. संचालिका डॉक्टर ग्रासिएला माझ्या खोलीत आल्या. त्या ओरडत नाहीत, हीच त्यांची भयंकर गोष्ट आहे. म्हणाल्या, "तेओफिलो, मला तुमचं निवेदन नको. मला रस्ता हवाय." मी खाली पळालो, ओरडलो, हात जोडले. लोक मला म्हणाले, "मेला असेल तर तसं सांग, लपवतोस काय!" मावशी, मी कुई एवढा शब्द उच्चारला असता तर रस्ता झाला असता. जिभेवर आला होता. पण त्या पोराचे डोळे आठवले, आणि मी वर पळालो.

म्हटलं, बाबा रे, निदान खिडकीतून हात तरी हलव. तो तयार झाला. पण बोट दिसू नये म्हणून त्याने उजवा हात चादरीत लपवला आणि डावा हलवला. खाली असा हंबरडा फुटला की खिडकीची काच थरथरली. "हात कापला रे! उजवा हात कापला!" एक बाई बेशुद्ध पडली. (तिला आत घ्यायलाही रस्ता नव्हता.)

तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून दोन्या एउफेमिया आल्या. डोक्याला हॅट, हातात झाकणाची टोपली. प्राध्यापकांच्या एका अतिउत्साही विद्यार्थ्याने त्यांना फोन करून चावणारा प्राणी निरीक्षणासाठी आणायला सांगितलं होतं. त्या सरळ फाटकाच्या कट्ट्यावर चढल्या आणि बाजारात कांदे विकतानाचा आवाज लावला.

"काय रडताय रे? कोणी मेलं नाही! माझ्या जावयाला ही चावली, ही!" आणि टोपलीतून कुई बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. "माझ्या वाढदिवसासाठी पकडत होता. माझा जावई आहे तो. आता बाजूला व्हा, त्या गाडीत कोणाची तरी लेक कळा देतेय!"

लोक इतके हसले, की हसता हसता बाजूला झाले आणि रुग्णवाहिका आत आली. (मुलगी झाली, साडेतीन किलो.)

मी जीव मुठीत धरून विल्बेरच्या खोलीत गेलो. खालून चीं चीं चालूच होतं. माझ्याकडून काही फुटलं नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तर तो खिडकीशी उभा, चेहरा भलताच उजळलेला. "ऐकलंत? 'माझा जावई' म्हणाल्या. सहा वर्षं झाली लग्नाला, आजवर 'तो चेंडूवाला' म्हणायच्या." आणि त्याने बँडेजचं बोट खिडकीबाहेर काढून उंच धरलं. खालच्या आरोळ्या तुझ्या गावापर्यंत आल्या असतील.

रविवारी राखीव गोलकीपर उतरला आणि सान लाझारो दोन-शून्यने जिंकले. कुई शुभ ठरली. पेपरात तिचा फोटो विल्बेरपेक्षा मोठा छापून आला. काल सकाळी माझं निवेदन चार सह्यांनिशी परत आलं: 'रुग्णाच्या जिवाला सध्या बहुधा धोका नाही.' विल्बेर शनिवारीच घरी गेला होता.

तुझ्या गुडघ्याला जप, पाद्रीबुवांनाही.

तुझा
तेओफिलो

ता. क. सासूबाई ती कुई तळणार म्हटल्यावर चाहते पुन्हा फाटकाशी जमले. तेव्हा संचालिकाबाईंनी कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं, की तिचा सांभाळ इस्पितळ करील. इस्पितळात ज्या कामाला विभाग नसतो ते काम जनसंपर्काकडे येतं. तिने माझी मधुमेहाची पत्रकं खाल्ली आहेत.

आणखी ता. क. तुझं अंगण मोठं आहे, लसूणघासही भरपूर आहे. उद्या दुपारच्या बसने टोपली पाठवतोय, ड्रायव्हरला सांगितलंय. हात पुढे करताना जपून. आणि मावशी, तुझ्या पाया पडतो, तिला तळू नकोस. सगळं शहर तिची खुशाली विचारतंय आणि उत्तर मला द्यायचंय.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करता करता टोपलीत डोकावलो. टोपली मोठी घ्यावी लागेल. आता त्या चार आहेत.