डावी पाकळी

सेंगकांग, शुक्रवार, ६ मे २०१६

माझी तीन आठवड्यांची लेस आज फुकट गेली, आणि चूक माझीच.

बुद्धमूर्तीखालच्या कापडाची लेस आईने हाताने विणलेली. गावच्या मिशन शाळेत मडमेकडून शिकली होती. नमुना व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, असं सांगायची. मी ते कापड वॉशिंग मशीनमध्ये टाकलं आणि वीतभर लेस फाटली. म्हणून या वयात तोआ पायोह भागातल्या लेसच्या क्लासला जाऊन टाचण्या-दोऱ्यांशी झटतोय. नमुन्याच्या कागदावर भोकं टोचायची, त्यांत टाचण्या रोवायच्या आणि त्यांच्याभोवती दोरे विणायचे.

आज मी विणलेला तुकडा फाटलेल्या जागी लावून पाहिला. जुळेना. आईच्या प्रत्येक फुलात डाव्या पाकळीला एक भोक जास्त आहे. नमुना कागदावर उतरवताना मला ती चूक वाटली, आणि मी दुरुस्त केली. कुणी सांगितलं होतं?

क्लासच्या चिनी आंटी भिंगातून बघून इथल्या ढंगात म्हणाल्या, “तुझं बरोबर, आईचं चूक. पण जोडायचंय कुणाच्या लेसला, लाह?”

घरी लेक म्हणाली, “बाबा, नोबडी विल सी. समोर फुलं ठेवू ना.”

मला दिसेल. रोज त्रिशरण म्हणताना नजर त्याच पाकळीवर जाईल.

बुद्धपौर्णिमा पंधरा दिवसांवर आलीय. ते भोक चुकून पडलं की मुद्दाम ठेवलं, हे विचारायला आई नाही, आणि होती तेव्हा मी कधी विचारलं नाही.

आत्ता नवा कागद घेतला. डाव्या पाकळीत ती जास्तीची जागा टाचणीने टोचली. मग आईची लेस शेजारी ठेवून पाहिली. तिचं भोक जरा तिरकं आहे. माझं पुन्हा सरळच पडलंय.