साहेबांच्या आजीचं भुयार

प्रिय दुर्गा,

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर आहे. खोलीत फोनवर बोललं की सगळे ऐकतात, म्हणून हे लिहून सुट्टीवर गावी निघालेल्या पोपटरावांच्या हाती धाडतोय.

मी इथं आखातात ज्यांच्याकडं स्वयंपाक करतो ते साहेब आयर्लंडचे. काल सकाळी त्यांनी तिकडच्या एका हवेलीचा फोटो दाखवला. पूर्वी तिथं जमीनदार राहायचे. नोकरमाणसं नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनी बागेखालून भुयार खणलेलं. साहेबांची आजी त्यातून सरपण वाहायची. आता इथल्या गॅस कंपनीतल्या पगारावर साहेबांनी ती हवेलीच विकत घेतली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले गं!

आणि संध्याकाळी म्हणतात कसे, "सुदाम, पाहुणे येणारेत. आज मागच्या दारानं ये-जा कर."

म्हणजे आजी सुटली आणि मला भुयारात घालायला निघाले! माझं डोकंच फिरलं. इथं स्वयंपाकघर बाहेर अंगणात असतं. बिर्याणीचं पातेलं उचललं आणि पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत आत गेलो. साहेब लालबुंद झाले. अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

आईचा गुडघा कसा आहे? तू काळजी करू नकोस. फक्त मी दिवाळीआधीच आलो, तर काही विचारू नकोस. पुढचं दार तेवढं उघड.

तुझा,
सुदाम