टेपची आकडी

आप्पा, मी तुमच्या सुनेवर जळते. तुम्ही होता तेव्हा हे कधी बोलले नाही, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी कुणापाशी कबूल केलं नाही. दादाची बायको म्हणून वहिनी घरात आली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. आईचं दुखणं तिनं काढलं, तुमचं काढलं, माझ्या दोन्ही बाळंतपणांना डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून ती वडगाव रासाईहून दौंडला एसटीनं आली. माझी जळजळ वेगळीच आहे. तुम्ही तुमचं गवंडीकाम तिला दिलंत आणि मला दिलं नाहीत.

मी अकरा वर्षांची असेन. गावात सोसायटीच्या गोदामाची भिंत चढत होती आणि मी तुमची भाकरी घेऊन आले होते. तुम्ही वर पायटावर, बांबूंच्या मचाणावर होता. खाली विटांच्या थप्पीवर तुमचा ओळंबा पडलेला. पितळी लोळा, दोरी आणि दोरीच्या वरच्या टोकाला लाकडाची ठोकळी. मी ती ठोकळी लोळ्याला लावून बघितली. दोन्हींची रुंदी बरोबर सारखी. मी ओरडून विचारलं, "आप्पा, ही ठोकळी लोळ्याएवढीच का केलीय?" मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही खाली उतरलात, माझ्या हातातून ओळंबा काढून घेतलात आणि म्हणालात, "लेकीच्या जातीनं सिमिटात यायचं न्हाई. भाकरी ठिव आन् घरी जा." मजूर हसले. पुढच्या बाजारच्या दिवशी तुम्ही शिरूरहून माझ्यासाठी कंपासपेटी आणलीत, झाकणावर मोराचं चित्र असलेली. आई म्हणाली, बघ, बापाला किती कौतुक. मला ती पेटी आवडली आणि तिचा रागही आला.

उत्तर मी आठवीत असताना स्वतःच शोधून काढलं. ठोकळी भिंतीला टेकवायची आणि लोळा खाली सोडायचा. दोघांची रुंदी सारखी, म्हणून दोरी वर जेवढी भिंतीपासून लांब, तेवढीच खाली. लोळा भिंतीला जेमतेम शिवून राहिला तर भिंत सरळ. दाबला गेला किंवा अंतर सोडून लटकला तर चुकली. मी पळत तुमच्याकडे सांगायला आले. तुम्ही पाय धूत होता. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "व्हय. अभ्यास झाला का?" एवढंच. त्यानंतर मी अभ्यासच केला. गणिताची शिक्षिका झाले, दौंडच्या शाळेत तीस वर्षं शिकवते आहे. तुम्ही गावभर सांगत फिरलात, माझी लेक मास्तरीण हाय. माझ्यासमोर मात्र तुम्ही विटेबद्दल, मापाबद्दल, कामाबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत.

मग दादाला कंपनीत नोकरी लागली आणि तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. टेपवरचे आकडे दिसेनात, म्हणून वहिनी तुमच्याबरोबर कामावर यायला लागली. सुरुवातीला नुसती आकडे वाचायला. एका दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा तुम्ही दोघं स्वयंपाकघरात होता. नवा ओटा बसवायचा होता. पातळी बघायला पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक तुम्ही दाराशी धरलं होतं आणि दुसरं तिनं चुलीच्या बाजूला. ती म्हणाली, "आप्पा, तुमच्याकडं पाणी खाली हाय." तुम्ही म्हणालात, "पाणी कधी खाली ऱ्हात न्हाई गं. नळीत बुडबुडा असंल, बघ." तिनं नळी टिचकी मारत मारत पुढे नेली, बुडबुडा वर येऊन फुटला आणि दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं. तुम्ही दोघं हसलात. मी उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी होते. तुम्ही मला बघितलंत आणि लगेच म्हणालात, "ये, ये. हिला आधी च्या टाक." मी पाहुणी झाले होते, आप्पा. त्या दिवशी ओट्याचं काम माझ्या चहापायी थांबलं आणि मी निघेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही.

आता वहिनी स्वतः घरं बांधते. शिरूर तालुक्यातल्या गावांत तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात. आम्ही दौंडला प्लॉट घेतला तेव्हा ह्यांनी दुसऱ्या कुणाचं नावच काढू दिलं नाही. "घरात एवढा मिस्त्री असताना बाहेर कशाला जायचं?" मी मान हलवली. रोज शाळा सुटली की साईटवर जायचे आणि तिच्या चुका शोधायचे. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, खोल्यांचे कर्ण मोजले, दारांच्या चौकटी मोजल्या. एक सूतही कुठे फरक सापडला नाही. प्रत्येक वेळी बरोबर निघालेलं माप बघून मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटायचं. आपलंच घर वाकडं निघावं म्हणून धडपडणारी बाई कुणी बघितली आहे का?

मग महिन्याभरापूर्वी एका दुपारी मला हवं ते सापडलं. वहिनी जेवायला बसली होती आणि तिची टेप खिडकीत होती. मी ती उचलली तर टोकाची पत्र्याची आकडी हलत होती. मागं-पुढं, चांगली नखाच्या जाडीएवढी. मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूला बघितलं. एवढी नावाजलेली मिस्त्रीण आणि टेप मोडकी! तिला दाखवून सगळ्यांसमोर बोलावं असं आधी वाटलं. पण मग वाटलं, आपण दुरुस्त करून ठेवू आणि नंतर कधीतरी सहज सांगू की अहो वहिनी, तुमची टेप सैल होती, मी नीट केली. तो प्रसंग मी मनात रंगवलासुद्धा. आकडी पुढं ओढून धरली, फरशीवर ठेवली आणि हातोडीनं दोन्ही रिबिटं ठोकून घट्ट केली. टेप जागेवर ठेवली.

त्याच दिवशी संध्याकाळी वहिनीनं पाचही खिडक्यांच्या आतली मापं घेतली, तळाला ग्रॅनाइट बसवायचा होता म्हणून. चार दिवसांनी दगड कापून आले. पाचही आखूड. फार नाही, प्रत्येकाच्या कडेला नखाच्या जाडीएवढी फट. फरशीवाला म्हणाला, पांढरं सिमेंट भरलं की कुणाला कळणार आहे? वहिनी ऐकेना. तिनं खिडक्या पुन्हा मोजल्या, दगड पुन्हा मोजले. टेप म्हणते सगळं बरोबर, आणि फट तर डोळ्यांसमोर. शेवटी ती सिमेंटच्या पोत्यावर बसली. ह्यांना म्हणाली, "दाजी, माझं डोळं तपासून घ्यायला पायजेत. आप्पांसारखंच झालं वाटतं. आता माझ्या मापाचा भरवसा धरू नका." मी जिन्यात उभी होते. तिचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. आणि खोटं कशाला सांगू, आप्पा, मला गार वाटलं.

बसल्या बसल्या तिच्या हातात टेप होती. अंगठा आकडीवर फिरत होता, सवयीनं. एकदम तो थांबला. "ही हलत न्हाई," ती म्हणाली. तिनं टेप डोळ्यांजवळ धरली. "कुणीतरी रिबिट ठोकलंय." त्या आठवड्यात तिची टेप तिच्याशिवाय फक्त फरशीवाल्यानं वापरली होती. ती त्याच्याकडे वळली. "तूच ठोकलं ना रे? उद्यापासून येऊ नकोस. हत्याराला हात लावणारा माणूस मला नको." तो बिचारा म्हणतोय, "नहीं दीदी, कसम से, मैंने कुछ नहीं किया." ती ऐकायला तयार नव्हती. तो आपली कटरची वायर गुंडाळायला लागला. मी म्हणाले, "वहिनी, ते मी केलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "आकडी सैल झाली होती. मला वाटलं नीट करावी." वहिनीनं मला जवळ बोलावून आकडी दाखवली. मग अगदी शांतपणे, तिसरीतल्या मुलाला सांगावं तसं म्हणाली, "सैल न्हाई ती, वन्सं. मुद्दाम तशी केल्याली असती. आकडीची जाडी जेवढी हाय, तेवढीच ती सरकती. कडंला अडकवून मापलं तर ती बाहीर वढली जाती, आकडीची जाडी मापात धरायची नसती. भितीला टेकवून मापलं तर आत दबती, तवा जाडी धरायची असती. दोन्हीकडं माप खरं येतं. तुम्ही वढून ठोकली, म्हणून आतली मापं कमी आली." मी गणिताची बाई. ऐकता ऐकताच सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं, इतकं सोपं, इतकं सुंदर होतं ते. जो दोष वाटतो, तीच त्या आकडीची अक्कल. लाजेनं कान तापले होते, तरी मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आप्पांनी. पर लगेच न्हाई सांगितलं. मीबी म्हणले व्हते, टेप मोडलीय. तर म्हणले, मोडली न्हाई, का हलती ते तूच शोध. दोन दिस वाट बघितली त्यांनी माझी. तिसऱ्या दिशी मला घावलं तवा कामावरच्या सगळ्यांना भेळ खायला घातली."

आप्पा, तुम्ही दोन दिवस तिची वाट बघितलीत. मी आठवीत माझं उत्तर घेऊन पळत आले होते तेव्हा तुम्ही पाय धूत होता. मी तिथेच, मजुरांसमोर, पन्नाशी उलटलेली बाई, रडायला लागले. वहिनीनं फरशीवाल्याला थांबायला सांगितलं, त्याची माफी मागितली आणि मला मागच्या खोलीत नेलं. मी म्हणाले, मला का नाही शिकवलं त्यांनी? मला येत नव्हतं का? तिनं तिचे दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटांच्या पेरांना भेगा, नखांच्या कडा सिमेंटनं खाल्लेल्या, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. "तुमचं हात वाचवलं आप्पांनी, वन्सं. माझ्या हाताचं कुणाला पडलं व्हतं? मी सून. मी शिकले ते गरज व्हती म्हणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. इतकी वर्षं मी त्या हातांनी वाढलेलं जेवले आणि मला ते दिसले नव्हते.

मी डोळे पुसले आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं. "कामावर कधी माझा विषय काढायचे का? हे माझ्या लेकीनं लगेच ओळखलं असतं, असं काही?" वहिनीनं विचार केला. खरंच आठवून बघितलं तिनं. म्हणाली, "न्हाई, वन्सं. कामावर आप्पा कामाचंच बोलायचं."

तिनं दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली. आखूड झालेले पाच दगड तिनं वाया जाऊ दिले नाहीत, कापून वरच्या मोरीच्या कट्ट्याला बसवले, आणि खिडक्यांना नवे आणवले. फरशीवाला अजून कामावर आहे, मला बघितलं की टेप पाठीमागं लपवतो आणि हसतो. घर जवळजवळ झालं आहे. चांगलं झालं आहे. रविवारी मी वहिनीला म्हणाले, मला नळीनं लेव्हल धरायला शिकवा. तिनं नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. गच्चीवर आम्ही तासभर उतार काढत होतो. माझा बुडबुडा राहिला की ती ओरडायची आणि मी ऐकून घ्यायचे. मला ते आवडलं. पण खाली उतरताना मनात आलंच की हिला हे तुम्ही शिकवलंत आणि मला हिच्याकडून शिकावं लागलं. हातांचं कळलं, तिचं सोसणं कळलं, तरी जळजळ काही गेली नाही. थोडी शरमली, एवढंच.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, कारण फोटो वहिनीच्या घरात आहे आणि तो तीच पुसते. फक्त एवढं सांगते. तिनं खरं सांगितलं याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की ती माझं मन राखायला खोटं बोलली असती, म्हणाली असती की आप्पा रोज तुमची आठवण काढायचे, तर मी ते न मोजता घेतलं असतं.