चौऱ्याण्णव दिवसांचं शून्य

प्रिय प्रणिता,

देवाच्या दयेने आम्ही ठीक. तुझ्या बाबांच्या जर्द्याच्या पुड्या दिवसाला अकरावरून चारवर आल्या, त्या तुझ्याच रीतीने. आधी पंधरा दिवस नुसतं मोजायचं, चकार शब्द काढायचा नाही. मग वेलदोडा द्यायचा, मग तो बंद करून बघायचं; पुड्या पुन्हा वाढल्या तरच वेलदोड्याचा गुण खरा. मी मॅट्रिक झालेली बाई, पण एवढं समजलं. त्यांना विचारलं की पाचच सांगायचे, आणि केरात सापडायच्या अकरा. ज्याला मोजायचं त्याच्याच हाती पेन्सिल देऊ नये, हे तूच शिकवलंस.

मग नवऱ्याच्या, सारंगरावांच्या बाबतीत कशी विसरलीस? चार महिने तू पुण्याला संशोधनात, ते इथे हैदराबादेत कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये एकटे. त्यांच्या रागाच्या तक्त्यात चौऱ्याण्णव दिवस शून्य म्हणतेस. तो तक्ता भरतं कोण? तेच ना. आणि जिच्यावर हात उठायचा, तीच घरात नाही. आता परत राहायला जाऊन पडताळून बघते म्हणालीस. वेलदोडा बंद केला तर चार पुड्या वाढतात गं. इथे काय वाढेल?

दोन वर्षांपूर्वी मनगट सुजवून आलीस, तेव्हा ओटी भरून मीच तुला परत पाठवलं. देवापुढे बसते तेव्हा तेच मनगट दिसतं.

परवा दुपारी ते चिक्कडपल्लीला आपल्या घरी आले. पेढे आणले, पाया पडले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरच्या खोलीत गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून खिळ्यालाच आहे. तू घसरलीस, दार लागलं म्हणालीस, त्या तारखांना मी तांबडे ठिपके दिलेले. बाहेर आले तर ते त्याचीच पानं चाळत होते. कसले ठिपके, हे विचारलंसुद्धा नाही. खिशातलं पेन काढून आणखी तीन तारखांवर ठिपके दिले आणि हसून म्हणाले, आई, एवढे राहिले होते. मग चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले. तुझा फोन त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडतो, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून ही चिठ्ठी, पुण्याला निघालेल्या गौलीगुड्याच्या जयवंतामावशीच्या हाती. शुक्रवारी ते तुला न्यायला सिकंदराबाद स्टेशनवर येणार आहेत. तू पुण्याहून गाडीत बसूच नकोस. फोनवर मात्र येते असंच म्हण. स्टेशनवर तुझ्याऐवजी त्यांच्यासमोर मी जाणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुझीच,
आई